आधी बाईला विचारा, मग मशीन लावा



आज अशा विषयावर लिहीत आहे ज्यावर आपल्या चळवळीत कुणी भाषण करत नाही, पत्रक काढत नाही, आणि ज्याचा ठराव कुठल्या अधिवेशनात मांडलेला मी तरी पाहिलेला नाही. विषय आहे बायकांची लघवी गळण्याचा. खोकला आला, शिंक आली, हंडा उचलला, खदखदून हसू आले की लघवी सुटते. किंवा घाई लागते आणि मोरीपर्यंत पोहोचायच्या आत लुगडे ओले होते. हे वाचून काही तरुण मित्र इथेच वाचन थांबवतील. त्यांना विनंती आहे, थांबू नका. ज्या आईने, मावशीने, आजीने तुम्हाला वाढवले त्यांच्यापैकी एकीला तरी हा त्रास असण्याची आणि तिने तो तुम्हाला कधीच न सांगितल्याची शक्यता मोठी आहे. जगभरच्या पाहण्यांतून दिसते की प्रौढ स्त्रियांपैकी साधारण चारांत एकीला तरी हा त्रास होतो. म्हणजे आपल्या वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत तो आहे.

मी वस्त्यांमध्ये काम करते. रेशन कार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरगुती हिंसाचाराच्या केसेस, दवाखान्याच्या चकरा, हे माझे रोजचे काम. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना सी. राइट मिल्स वाचला होता. एका माणसाची खासगी अडचण आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न यांतला संबंध ओळखणे म्हणजेच समाजशास्त्रीय दृष्टी, हे त्याचे म्हणणे परीक्षेत लिहून मार्क मिळवले. त्याचा खरा अर्थ मात्र मला विहारात कळला. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असते तेव्हा चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बाया दाराजवळच बसतात. पुढे या म्हटले तर 'इथंच बरं हाय' म्हणतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. काही जणी दीक्षाभूमीला जाणे सोडून देतात आणि कारण म्हणून गुडघे सांगतात. गुडघे दुखतात हे खरे, पण न जाण्याचे कारण ते नसते.

आता विचार करा. मोर्चाला, सभेला, विहाराला बायका कमी येतात म्हणून आपण मीटिंगमध्ये हळहळतो. घरातले काम, नवऱ्याचा विरोध, टीव्ही मालिका अशी कारणे शोधतो. मोर्चाच्या वाटेवर बाईसाठी स्वच्छ मुतारी आहे का, हा प्रश्न आपण विचारत नाही. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने तो महानगरपालिकेला विचारला. त्या मोहिमेचे मोल मोठे आहे. पण मुतारी मिळाली तरी जिची लघवी मुतारीपर्यंत थांबतच नाही, तिचे काय? तिला मुतारीच्या आधी निदान हवे. या लेखाचा मुद्दा तोच आहे. आपल्या बायांना उपचार मिळत नाहीत हे तर आहेच, पण त्यांना आजाराचे नावही नीट मिळत नाही. आणि चुकीच्या नावाखाली त्यांच्या पोटावर सुरी चालते.

सुरुवात एका शब्दापासून करते. आपल्याकडे गर्भाशयालाही 'पिशवी' म्हणतात आणि मूत्राशयालाही 'लघवीची पिशवी' म्हणतात. बाई डॉक्टरकडे जाऊन सांगते, 'माझ्या पिशवीचा त्रास हाय.' डॉक्टर सोनोग्राफी काढतो आणि म्हणतो, 'पिशवी खराब झाली आहे, काढून टाका.' कोणती पिशवी? बाई लघवीच्या पिशवीबद्दल बोलत असते, डॉक्टर गर्भाच्या पिशवीबद्दल बोलत असतो. दोन मिनिटांच्या त्या बोलण्यात हा घोळ कुणी सोडवत नाही. शब्द सारखा आहे म्हणून अवयव बदलतो.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हेच होणार होते. मावशी बावन्न वर्षांची. नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे झाडलोट करते. पहाटे पाचला हजेरी, दुपारपर्यंत रस्ता, कचऱ्याची ढकलगाडी. तीन बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून. तिसऱ्यानंतर दहाव्या दिवशी ती कामावर होती. लघवी सुटण्याचा त्रास तिला आठ-नऊ वर्षांपासून होता. जुन्या साडीचे फडके घडी करून ठेवायची, दोनदा बदलायची. झाडताना मधे कुठे बदलणार? मांड्यांना कायम पुरळ. नंतर खाज सहन होईना म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे आत गेल्यापासून दहा मिनिटांत सोनोग्राफी झाली. 'पिशवीला सूज आहे, लहान गाठ आहे. पिशवी काढली की लघवीचा त्रासही थांबेल.' ऑपरेशनची तारीख मिळाली, आगाऊ रक्कम सांगितली गेली.

मावशी पैशाची सोय बघायला माझ्याकडे आली. मी कागद हातात घेतला आणि विचारले, "मावशी, लघवी खोकल्यावर सुटते की घाई लागल्यावर?"

ती म्हणाली, "खोकल्यावर सुटती. घाईबी लागती. रातच्याला तीनदा उठावं लागतं."

"डॉक्टरांनी हे विचारलं का?"

"न्हाई बाई. त्यांनी टीव्हीवर बघितलं ना सगळं."

तिच्या या वाक्यात आपल्या आरोग्य व्यवस्थेचे सगळे समाजशास्त्र आहे. बाईला विचारण्याची गरज नाही, कारण मशीनने बघितले आहे. आणि बाईलाही ते पटते. आपल्या बोलण्यापेक्षा पडद्यावरचे चित्र खरे, असे तिला आयुष्यभर शिकवलेले आहे. शाळेत, कचेरीत, पोलीस ठाण्यात तिचे बोलणे कधी पुरावा मानले गेले नाही. दवाखान्यात तरी ते कसे मानले जाईल?

म्हणून निदान कसे होते ते नीट समजून घेऊ. हे ज्ञान फक्त डॉक्टरांच्या मालकीचे राहिले तर आपण कायम हात जोडून उभे राहू.

मूत्राशयाची कामे दोन. लघवी साठवणे आणि वेळ आली की रिकामे होणे. साठवताना त्याच्या भिंतीचा स्नायू सैल राहिला पाहिजे आणि खालचे तोंड, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या आधाराने, घट्ट मिटलेले राहिले पाहिजे. रिकामे होताना याच्या उलट झाले पाहिजे. आता गळती कुठे होते ते बघा. खालचा आधार ढिला झाला तर खोकताना, उचलताना पोटाचा दाब वाढतो आणि त्या क्षणी लघवी निसटते. ही ताणाची गळती. भिंतीचा स्नायू नको तेव्हा आवळला तर एकदम घाई लागते आणि लघवी सुटते. ही घाईची गळती. अनेक बायांना दोन्ही असतात. काहींचे मूत्राशय नीट रिकामेच होत नाही. ते तुडुंब भरते आणि वरून थेंब थेंब ओघळते. जुनाट मधुमेहाने नसा बधिर झाल्यावर असे होऊ शकते. आणि एखादीची लघवी रात्रंदिवस, कसलीही घाई किंवा खोकला नसताना, सतत वाहते. अडलेल्या बाळंतपणात किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनमध्ये मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडले असेल तर असे होते. त्याला फिस्टुला म्हणतात.

बाहेरून सगळ्यांची तक्रार एकच, 'लघवी गळते.' कारणे मात्र वेगळी आणि उपचार तर अगदी उलटे. एकीला व्यायाम, दुसरीला गोळ्या आणि सवय, तिसरीला साखरेवर ताबा, चौथीला ऑपरेशन. बुद्धाने दुःखाबद्दल जे सांगितले तेच इथे लागू आहे. दुःख आहे एवढे म्हणून भागत नाही, त्याचे कारण शोधावे लागते. कारणावाचून काही घडत नाही. कारण न शोधता पिशवी काढणे हे नवस बोलण्याइतकेच अडाणी आहे, फरक इतकाच की नवसाचे बिल कमी येते.

मावशीला मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात घेऊन गेले. रांग मोठी होती, दोन दिवसांचा खाडा पडला, ठेकेदाराने पगार कापला. पण तिथल्या एका निवासी डॉक्टर मुलीने पहिले काम केले ते विचारण्याचे. कधीपासून, कधी कधी, किती, फडके किती वेळा बदलता, रात्री किती वेळा उठता, बाळंतपणे किती, खोकला जुना आहे का, मशेरी लावता का, शौचाला साफ होते का, रक्तदाबाची गोळी कोणती. हे प्रश्न वरवर फालतू वाटतात. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. जुना खोकला आणि बद्धकोष्ठ ओटीपोटाच्या तळावर रोज दाब टाकतात. म्हणजे अर्धे निदान या प्रश्नांत असते आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मग तिने डायरी ठेवायला सांगितली. तीन दिवस, किती वाजता किती पाणी-चहा प्यालात, किती वाजता लघवी झाली, किती झाली, कधी गळली. मावशीला लिहिता येत नाही. तिच्या नातीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या. लघवी मोजायला पाचशे मिलीच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग आणला. मावशी आकडा सांगायची, नात लिहायची. दिवसातून सात-आठ वेळा लघवीला जाणे सर्वसाधारण धरतात. मावशी चौदा वेळा जात होती आणि प्रत्येक वेळी जेमतेम शंभर-सव्वाशे मिली. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात तीनशे ते पाचशे मिली मावते. म्हणजे तिचे मूत्राशय भरायच्या आतच ओरडत होते. ही गोष्ट सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसली नव्हती. ती तिसरीतल्या मुलीने कॅलेंडरवर लिहून दाखवली.

पुढच्या तपासण्याही साध्याच होत्या. लघवीची तपासणी, कारण जंतुसंसर्ग असेल तर घाई आणि गळती दोन्ही होतात आणि तो औषधाने बरा होतो. रक्तातली साखर. मग मूत्राशय भरलेले असताना उभे राहून खोकायला लावणे आणि लघवी त्याच क्षणी येते का ते बघणे. आतून तपासून अंग बाहेर येते का, तळाचे स्नायू आवळता येतात का ते पाहणे. आणि शेवटी सोनोग्राफी, पण वेगळ्या कामासाठी. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते मोजायला. साधारण पन्नास मिलीच्या आत उरले तर ठीक. दोनशेच्या वर उरले तर मूत्राशय रिकामे होत नाही असे समजून वेगळ्या दिशेने शोध घ्यायचा. मावशीचे तीस मिली उरले. गर्भाशयातली गाठ लहान होती आणि तिचा या त्रासाशी संबंध नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

उपचार सुरू झाला तो व्यायामाने. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचे, सोडायचे. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही ताणाच्या आणि मिश्र गळतीला पहिला उपचार म्हणून किमान तीन महिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, हाच व्यायाम सांगितला आहे. सोबत लघवीच्या दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवण्याची सवय. मावशीने तीन महिने केले. थोडा फरक पडला, पण खोकल्यावर सुटणे थांबेना. मग ऑपरेशनचा विषय निघाला. मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायची. मिश्र त्रास असल्यामुळे ते ठरवण्याआधी डॉक्टरांनी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी सांगितली. तिला यूरोडायनॅमिक तपासणी म्हणतात.

ही तपासणी काय असते ते सांगते, कारण भीतीपोटी अनेक बाया मधूनच परत येतात. आधी एका खास खुर्चीवर बसून लघवी करायची. किती वेगाने होते ते मशीन मोजते. मग एक बारीक नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि दुसरी गुदद्वारात घालतात. पहिली मूत्राशयातला दाब मोजते, दुसरी पोटाचा दाब मोजते. एकातून दुसरा वजा केला की मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. सगळी युक्ती या वजाबाकीत आहे. नळीतून हळूहळू सलाईन सोडतात आणि बाईला विचारत राहतात, 'आता जाणवतं का? आता जावंसं वाटतं का? आता थांबवत नाही का?' मधे मधे खोकायला सांगतात. पडद्यावर रेषा उमटतात. शेवटी नळ्या असतानाच लघवी करायची. नळी घालताना टोचते, नंतर एक-दोन दिवस जळजळ होऊ शकते, क्वचित जंतुसंसर्ग होतो, म्हणून नंतर पाणी भरपूर प्यायचे.

मावशी घाबरलेली होती. पडदा नीट लावलेला नव्हता, तो मी ओढायला लावला. आत फक्त बाई कर्मचारी असावी असा आग्रह धरला. तो मान्य झाला. हे हक्काचे आहे, यात कुणाचे उपकार नाहीत. सलाईन सव्वादोनशे मिलीच्या आसपास गेले तेव्हा डॉक्टर म्हणाली, "मावशी, जोरात खोका."

मावशी खोकली. पडद्यावरच्या दोन्ही रेषा टोकदार उसळल्या आणि खाली आल्या. गळले काहीच नाही. तीन-चार सेकंद गेले. मग पोटाची रेषा शांत असताना मूत्राशयाच्या स्नायूची रेषा आपोआप चढू लागली आणि लघवी सुटली. डॉक्टरने पडद्यावर बोट ठेवून मला दाखवले. खोकल्याच्या दाबाने लघवी निसटत नव्हती. खोकल्याने मूत्राशय चाळवले जात होते आणि ते स्वतः आवळत होते. बाहेरून बघणाऱ्याला आणि खुद्द मावशीलाही ती ताणाची गळती वाटत होती. प्रत्यक्षात ती घाईची होती.

याचा अर्थ काय? पट्टीचे ऑपरेशन केले असते तर मूळ कारण तसेच राहिले असते आणि अशा ऑपरेशननंतर घाई वाढू शकते. गर्भाशय काढले असते तर तेही वाया. उलट स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे ताणाच्या गळतीसाठी ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण जास्त असते. मावशीला मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या, वेळेची सवय आणि व्यायाम चालू ठेवायला सांगितले. तोंडाला कोरड पडते म्हणून ती कुरकुरते. पूर्ण कोरडी झालेली नाही. पण रात्री एकदाच उठते आणि कामावर फडके एकच लागते. तिची पिशवी तिच्याकडेच आहे. दोन्ही पिशव्या.

इथे एक इशारा दिला पाहिजे. हे वाचून कुणी 'प्रत्येक बाईची ही तपासणी झालीच पाहिजे' अशी मागणी घेऊन दवाखान्यात जाऊ नये. अमेरिकेत २०१२ मध्ये ६३० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना साधी, स्पष्ट ताणाची गळती आहे, त्यांची ऑपरेशनआधी दाबाची तपासणी केली काय आणि फक्त नीट विचारपूस व साधी तपासणी केली काय, यशाचे प्रमाण जवळपास सारखेच राहते, ७७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साध्या केसमध्ये महागडी तपासणी काही जास्त देत नाही. जिथे त्रास मिश्र आहे, आधीचे ऑपरेशन फसले आहे, मूत्राशय रिकामे होत नाही किंवा नसांचा आजार आहे, तिथे ती कामाची आहे.

फोटोंचेही तसेच. 'नाइस'च्या त्याच सूचनांत म्हटले आहे की नेहमीच्या गळतीच्या निदानासाठी एमआरआय, सीटी, एक्स-रे वापरू नयेत. सोनोग्राफीही फक्त उरलेली लघवी मोजायला. मूत्राशय चित्रात कसे दिसते यावरून ते कसे वागते हे कळत नाही, जसे घराच्या फोटोवरून घरातली भांडणे कळत नाहीत. काही ठिकाणी मात्र चित्र लागतेच. फिस्टुलाचा संशय असेल तर आधी मूत्राशयात निळा रंग सोडून योनीत ठेवलेला कापूस रंगतो का ते बघतात, मग रंगद्रव्य घालून एक्स-रे किंवा सीटी काढतात. दाबाची तपासणी आणि एक्स-रे एकत्र करण्याची पद्धतही अवघड केसमध्ये वापरतात. लघवीत रक्त येत असेल तर दुर्बीण घालून आत बघावे लागते. वारंवार त्रास होत असेल तर खडा किंवा मूत्रमार्गाचा क्षयही शोधावा लागतो.

म्हणजे एक क्रम आहे. विचारणे, डायरी, खोकला, लघवीची तपासणी, उरलेली लघवी. मग व्यायाम. मग गरज पडली तर दाब आणि चित्र. आपल्या बायांच्या वाट्याला हा क्रम उलटा येतो. आधी चित्र, मग सुरी, आणि विचारणे कधीच नाही. ऐपतदार बाईला गरज नसताना सगळ्या तपासण्या होतात, कष्टकरी बाईला गरज असताना साधा प्रश्नही मिळत नाही. दोघींची लूटच, पण आपल्या बाईचा अवयवही जातो.

हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांत दलित, भटक्या-विमुक्त, वंजारी समाजाच्या बाया किती आहेत ते ऊसतोडीला कोण जाते यावरून समजा. पाळीत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, लघवीची जळजळ होते म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि कॅन्सरची भीती घालून तिला टेबलावर घेतले जाते. तिच्या तक्रारीचे नीट निदान कुणी केले होते? निदान हा शब्द तिथे फक्त बिलावर होता.

काही कार्यकर्ते म्हणतील, आरक्षण, खासगीकरण, अत्याचार असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना हे काय काढले? त्यांना आपल्याच इतिहासाची आठवण करून देते. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, त्यात आपल्या बायका डोक्यावर छप्पर नसताना उघड्यावर बाळंत होतात, थंडी-वाऱ्यात भोगतात, हे दुःख मांडले. चौदा वर्षांच्या मुलीला बाळंतपण हा सार्वजनिक प्रश्न वाटला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात आणला. बाईचे शरीर विधिमंडळात चर्चेला आणताना त्यांना संकोच वाटला नाही. मग त्यांच्या अनुयायांना विहारात तो का वाटावा? आणि दहाव्या दिवशी झाडू हातात घेणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत त्या रजेचा हक्क का पोहोचला नाही? कारण ती ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. खासगीकरणाचा प्रश्न आणि लघवीचा प्रश्न एकाच हजेरीपटावर लिहिलेला आहे.

तेव्हा कामाचे बोलू. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नाव घेऊन काढा. एकीने बोलायला सुरुवात केली की बाकीच्या बोलतात, हा माझा अनुभव आहे. पाच प्रश्न पाठ करा. खोकल्यावर सुटते की घाईने? रात्री किती वेळा उठता? लघवी केल्यावर रिकामे वाटते का? सतत वाहते का? लघवीत रक्त किंवा दुखणे आहे का? शेवटच्या दोनपैकी एकाचे उत्तर 'हो' आले, लघवी अडली, किंवा पायांत अचानक मुंग्या-बधिरपणा आला तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या. बाकीच्यांना तीन दिवसांची डायरी करून द्या. शाळेतली पोरे आहेत, कॅलेंडर आहे, मग आहे. ती डायरी घेऊन बाई डॉक्टरसमोर बसली की तिचे बोलणे टाळणे अवघड जाते, कारण आता तिच्याही हातात कागद असतो.

कुणी पिशवी काढायला सांगितली तर तीन गोष्टी विचारा. कोणती पिशवी? कोणत्या कारणासाठी? न काढता दुसरा उपचार काय? उत्तर लेखी मागा आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्या की जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी या त्रासाची ओपीडी असावी, व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट असावी, उरलेली लघवी मोजण्याची सोय असावी आणि दाबाची तपासणी कोणत्या सरकारी रुग्णालयात होते याची पाटी भिंतीवर लागावी. सफाई कामगारांच्या युनियनने स्त्रियांसाठी मुतारी, कपडे बदलायला जागा आणि तपासणीच्या दिवशी भरपगारी रजा ही मागणी आपल्या मागणीपत्रात घालावी.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. आज घरी गेल्यावर आईला विचारा, 'आई, तुला लघवीचा काही त्रास आहे का?' ती ओरडेल, 'लाज नाही का वाटत' म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तिला आजवर कुणी विचारलेले नाही.

जय भीम! जय संविधान!